सुकणारी देवता

तुळशीला रोज पाणी का घालायचे, असे घरातल्या एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर आज त्याला साधारणपणे दोन उत्तरे मिळतात. आजी सांगते, पुण्य लागते, घरात लक्ष्मी नांदते. बाबा सांगतात, तुळस चोवीस तास ऑक्सिजन सोडते आणि हे आपल्या पूर्वजांना केव्हाच कळले होते. पहिले उत्तर श्रद्धेचे, दुसरे विज्ञानाचे, असे आपण धरून चालतो आणि ज्याच्या त्याच्या कलाप्रमाणे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावे ठेवतो. जरा बारकाईने पाहिले तर दोन्ही उत्तरांचा सांगाडा एकच आहे. आपण तांब्याभर पाणी घालायचे आणि बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यायचे. एका घरी पुण्य, दुसऱ्या घरी प्राणवायू. धर्माच्या दृष्टीने खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. पूजा म्हणजे नेमके काय? देवाकडे काही मागणे, की कोणाची तरी निगा राखणे? माझे म्हणणे असे, की कुंडीत वाढणारे हे हातभर उंचीचे सुगंधी झुडूप या प्रश्नाचे जे उत्तर देते, ते देवघरातल्या कुठल्याही मूर्तीला देता येत नाही. कारण तुळस ही सुकणारी देवता आहे. तिच्या पूजेत हयगय झाली, की ती मरते.

आधी ऑक्सिजनचा निकाल लावू, कारण सुशिक्षित घरांत तुळशीचे समर्थन आता त्याच एका खुंटीवर टांगलेले असते. हिरवी वनस्पती ऑक्सिजन सोडते ती प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला उजेड लागतो. रात्री तुळसही इतर झाडांसारखीच श्वसन करते, म्हणजे ऑक्सिजन वापरते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात हे खरे, पण त्यांचाही ऑक्सिजन तयार होतो तो दिवसा उजेडीच. आणि तुळस त्या गटातली नाहीच. दिवसासुद्धा एका कुंडीतल्या पानांनी सोडलेला ऑक्सिजन घरातल्या माणसांच्या गरजेपुढे नगण्य असतो. तुळस ओझोन सोडते हा दावा तर अंगावर उलटणारा आहे. आकाशात उंचावर ओझोनचा थर आपले रक्षण करतो. नाकाशी आलेला ओझोन फुप्फुसांना अपाय करतो. तुळस खरेच ओझोन सोडत असती, तर तिला अंगणात ठेवण्याऐवजी गावाबाहेर ठेवावे लागले असते. असल्या समर्थनाने विज्ञानाचे काही बिघडत नाही, बिघडते ते धर्माचे. श्रद्धा चुकीच्या विधानाला बांधून ठेवली, की दहावीचे पुस्तक नीट वाचलेला मुलगा ते विधान टाकताना सोबत श्रद्धाही टाकून देतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

औषधी गुणांचे म्हणणे याहून बरे आहे, कारण त्यात तथ्य आहे. तुळशीच्या पानांवर अगदी सूक्ष्म तैलग्रंथी असतात. पान बोटांत चुरगळले की त्या फुटतात आणि तो ओळखीचा तिखटसर गंध येतो. त्या गंधात मोठा वाटा युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलात जे मुख्य द्रव्य असते त्याचाच. सर्दीखोकल्याच्या काढ्यात तुळस पडते ती उगाच नाही. मात्र उपयोग हेच पूजेचे कारण असते, तर परसातल्या इतर झाडांनी काय घोडे मारले? गवती चहा, पुदिना, पानओवा, कढीपत्ता यांचा घरातला वापर तुळशीहून कितीतरी जास्त. कढीपत्त्यावाचून तर आपली फोडणी अडते. तरी कढीपत्त्यापुढे कोणी तिन्हीसांजेला दिवा लावत नाही. उपयुक्तता हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला, तर तो सावरकरांनी गाईबद्दल मांडलेल्या भूमिकेवर जाऊन थांबतो. ‘विज्ञाननिष्ठ निबंधां’त त्यांनी रोखठोक सांगितले, की गोपालन हवे, गोपूजन नव्हे, जनावर उपयोगी आहे तर ते नीट पाळा, त्याला देव कशाला करता? हाच न्याय तुळशीला लावला तर काय उरते? चार रोपे लावा, काढ्याला पाने वापरा, हात जोडू नका. हा आक्षेप खणखणीत आहे आणि ऑक्सिजनवाल्यांकडे त्याला उत्तर नाही, कारण त्यांनी स्वतःच उपयोगाची भाषा स्वीकारलेली असते.

उत्तर आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. पालन एक आणि पूजन दुसरे, ही फारकत सावरकरांच्या युक्तिवादाचा पाया आहे, आणि बहुतेक पूजांच्या बाबतीत ती बरोबरही आहे. गोमातेच्या नावाने आरत्या करायच्या आणि तीच गाय रस्त्यावर प्लास्टिक खात हिंडताना नजर फिरवायची, हे आपण रोज पाहतो. तिथे पूजन पालनाला मारकच ठरले आहे. तुळशीच्या बाबतीत मात्र ही फारकत करताच येत नाही, कारण तुळशीची नित्यपूजा म्हणजे दुसरे काही नसून पाणी घालणे, वृंदावनाची जागा झाडून सारवून ठेवणे, वाळके काढणे आणि दिवेलागणीला तिच्याशी थांबणे एवढेच आहे. पालन हाच इथे विधी. मूर्तीला पंधरा दिवस फूल मिळाले नाही तर तिच्यावर धूळ बसते. धूळ पुसली की मूर्ती पुन्हा होती तशी. तुळशीला ऐन वैशाखात आठ दिवस विसरलात तर नंतर कितीही क्षमा मागितली तरी ती हिरवी होईलच असे नाही. मूर्तीपुढे भक्तीचे ढोंग वर्षानुवर्षे खपून जाऊ शकते, तुळशीपुढे आठवडाभरही खपत नाही. जिची भक्ती खरी की खोटी हे रोज सकाळी उघड दिसते, अशी देवता आपल्याकडे ही एकच आहे.

यावर शास्त्री म्हणतील, की देव पूर्ण असतो, त्याला कशाची गरज नसते. जो पाण्यावाचून मरतो तो देव कसला? तत्त्वज्ञानाच्या अंगाने आक्षेप वजनदार आहे, पण आपल्या भक्तिपरंपरेने त्याला फार पूर्वी वळसा घातला आहे. पंढरपुरात आषाढी वारीच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढतात, म्हणजे देव त्या काळात निजायला जात नाही, अहोरात्र दर्शन देत उभा असतो. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून त्याला न्हाऊ घालतात, रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात. देव दमतो हे वेदान्ताच्या कुठल्या प्रकरणात बसेल? पण लाखो वारकऱ्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण देवाकडून घेण्यापेक्षा देवाचे काही करावे ही ओढ भक्तीत मुळातच आहे. विठ्ठलाच्या बाबतीत हा शीण भावाने मानायचा असतो. तुळशीच्या बाबतीत तहान मानावी लागत नाही, ती पानांवर दिसते. अरणच्या सावता माळ्याची गोष्टही इथेच आठवावी. पंढरीची वाट धरण्याऐवजी तो आपला मळा शिंपत राहिला, वाफ्यातल्या भाजीपाल्यात त्याने विठ्ठल पाहिला, आणि परंपरेने त्याला संतांच्या मांदियाळीत बसवले. कथा अशी, की तो देवाकडे गेला नाही म्हणून देवच अरणला आला. गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताने वाहावयाच्या वस्तूंची जी साधी यादी येते, तिचीही सुरुवात पानाने होते, आणि पान वाहायचे तर ते देणारे झाड कोणीतरी जगवलेले असावे लागते.

पालन हीच पूजा हे एकदा मान्य केले, की पूजा बरोबर झाली की चुकली हे ठरवायला एक कसोटी हाती येते आणि ती पंचांगात सापडत नाही, मातीत सापडते. तुळस ही बहुवर्षायू खरी, पण आयुष्य तिचे थोडके; नीट जपली तर दोन-तीन वर्षे भरभरून वाढते, मग खोड लाकडी होत जाते. तिला रोज चार-सहा तास ऊन लागते. माती भुसभुशीत, शेणखत मिसळलेली आणि पाणी न साचणारी हवी. बोट पेरभर मातीत खुपसून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, हा सगळ्यांत भरवशाचा नियम. घराघरांतल्या तुळशी मरतात त्या बऱ्याचदा दुर्लक्षाने नव्हे, अतिभक्तीने. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असताना अंघोळीनंतरचा तांब्या चुकवायचा नाही म्हणून आणखी पाणी ओतले जाते आणि मुळे हवेविना कुजतात. बाजारातली देखणी संगमरवरी वृंदावने तर पुष्कळदा खाली भोक नसलेलीच असतात. त्यांत तुळस लावणे म्हणजे तिला हौदात उभी करण्यासारखेच. मातीत दूध ओतले की ते आंबते आणि बुरशी धरते. उदबत्ती मुळाशी खोचली जाते, निरांजनाची आच खालच्या पानांना लागते, रासायनिक रंगाचे कुंकू मातीत मुरत राहते, आणि वर लाल चुनरी गुंडाळून उरलेले ऊनही अडवले जाते. या प्रत्येक कृतीमागे भाव असतो, याबद्दल शंका नाही. पण ज्या पूजेने पूज्य मरते ती पूजा चुकली, हे मान्य करायला धर्मशास्त्राचा आधार लागू नये.

याच्या उलट टोकाला मंजिरीचे उदाहरण आहे. फांदीच्या शेंड्यावर तुरा येतो, त्यावर खालून वर इवली जांभळट फुले उमलत जातात, आणि मग एकेक पुष्पकोश तपकिरी होऊन त्यात जास्तीत जास्त चार, मोहरीहून बारीक बिया धरतात. बी धरू लागले की झुडूप आपली सगळी ताकद तिकडे लावते. खालची पाने लहान, विरळ होतात आणि रोप लवकर म्हातारे होते. तुरा कोवळा असतानाच खुडला, तर त्याच्या खालच्या समोरासमोरच्या दोन पानांच्या बेचक्यांतून दोन नवे फुटवे येतात आणि झुडूप घेरदार होते. आता वैष्णव परंपरेत विष्णूला मंजिरी वाहणे फार मोलाचे मानले आहे. म्हणजे भक्ताने देवासाठी जे खुडायचे, तेच झाडाच्या भल्यासाठीही खुडायचे असते. ओडिशात आणि बंगालमध्ये वैशाखभर तुळशीवर बारीक भोकाचे मडके टांगण्याची चाल आहे. त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी मुळाशी पडत राहते. वर्षातल्या सर्वांत तापलेल्या महिन्यात झाडाला याहून चांगली व्यवस्था कोणता माळी करील? इथे एक मोह आवरायला हवा. पूर्वजांनी शास्त्रीय प्रयोग करून हे नियम बेतले, असा दावा मी करत नाही. तसा पुरावा नाही. दावा एवढाच, की जिथे भक्ताचे लक्ष खरोखर झाडाकडे राहिले, तिथे विधी झाडाच्या अंगाने घडत गेला, आणि जिथे ते फळाकडे वळले, तिथे विधी झाडाच्या जिवावर उठला.

पाने तोडण्याचे नियमही याच दृष्टीने वाचता येतात. रविवारी तोडू नये, द्वादशीला तोडू नये, सूर्यास्तानंतर हात लावू नये, नखाने खुडू नये, तोडण्याआधी नमस्कार करावा. शिवाय तुळशीचे पान शिळे होत नाही असे मानले असल्याने आधी वाहिलेले धुऊन पुन्हा वाहता येते. रविवारी तुळशीत काही विशेष घडते, असे कोणी म्हणू नये. झाडाला वार कळत नाही. पण नियमाचा परिणाम पाहा. आपल्याच कुंडीत, आपल्याच पैशाने आणलेल्या, आपणच वाढवलेल्या झाडाला हात लावताना माणसाला थांबावे लागते. मालकी आहे, म्हणून वाटेल तेव्हा ओरबाडता येईल, हा समज तिथे मोडतो. पुदिना आपण हवा तेव्हा मूठभर कापतो. तुळशीचे पान मागून घेतो. झाडाचा सुगंध मुळात आपल्यासाठी नाहीच, ते तेल झाड बनवते ते स्वतःच्या बचावासाठी, त्याला खाणाऱ्या किड्यांना दूर ठेवण्यासाठी. त्याचे जगणे त्याचे स्वतःचे आहे, आपल्या उपयोगाची त्याला खबरही नाही. निसर्गाबद्दल आज जी भाषणे होतात त्यांत ‘संवर्धन’ हा शब्द शंभरदा येतो, पण हात कुठे आखडायचा हे क्वचितच सांगितले जाते. या जुन्या नियमांचे कारण चुकीचे असेल, शिकवण चुकीची नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे, आणि तो स्त्रियांच्या बाजूने येतो. वृंदेची पुराणकथा सुखावणारी नाही. जालंधराला मारता यावे म्हणून विष्णूने त्याचे रूप घेऊन त्याच्या पतिव्रता पत्नीला फसवले; तिने देवाला शाप दिला, देह टाकला आणि तिची तुळस झाली. अशा कथेवर उभी असलेली पूजा बायकांनीच पिढ्यान् पिढ्या करायची, वर सौभाग्याचे फळ त्यांनाच सांगायचे, हा अन्याय नव्हे काय? आहे, आणि त्याला गोंडस रूपक करून झाकता कामा नये. दरवर्षी कार्तिकात उसाच्या मांडवाखाली, आवळा-चिंचा ठेवून, अंतरपाट धरून तुळशीचे लग्न त्याच देवाशी लागते. फसवणूक करणाऱ्याशी लग्न लावून देणे हा न्याय म्हणता येत नाही. पण कथेत दडवादडवही नाही. पुराणकारांनी देवाला निर्दोष ठरवले नाही. स्त्रीचा शाप खरा होतो आणि देवाला तो भोगावा लागतो, त्याचा शाळिग्राम होतो. राहिला प्रश्न घरातल्या नियमांचा. पाळीच्या दिवसांत बाईने तुळशीला शिवले तर ती सुकते, हे विधान तर सरळ तपासता येण्याजोगे आहे, आणि ते खोटे आहे. तुळस स्पर्शाने सुकत नाही. ती उन्हावाचून, पाण्यावाचून किंवा फाजील पाण्याने सुकते. उलट त्या चार दिवसांत घरात दुसरे कोणी पाणी घालणारे नसेल, तर विटाळाचा नियम पाळणाराच तिला मारतो. झाडाचे भले ही कसोटी धरली, की काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवायला कोणत्याही पीठाकडे कौल मागावा लागत नाही. आणि त्याच कसोटीवर आणखी एक गोष्ट ठरते. निगा हीच पूजा असेल, तर ती घरातल्या एकट्या बाईचे काम राहू शकत नाही. तांब्या पुरुषाच्या हातातही शोभतो.

शाळिग्रामाचा उल्लेख आला आहे, तर मर्त्यपणाचा मुद्दा पुरा करू. शाळिग्राम हा नेपाळातल्या गंडकीच्या पात्रात सापडणारा दगड, बहुतेक वेळा अमोनाइट या समुद्री जीवाचा अश्मीभूत अवशेष, वयाने दहा कोटी वर्षांहून जुना. आणि त्याच्या शेजारी, बोहल्यावर, दोन-तीन पावसाळे पाहणारे झुडूप. एक कधीच न मरणारा, दुसरी डोळ्यांदेखत वाळणारी. आपल्या परंपरेने देवत्व दोघांनाही दिले, एवढेच नव्हे तर विष्णूच्या नैवेद्यावर तुळशीचे पान हवेच अशी अट घातली. मर्त्य आहे म्हणून कमी, असा हिशेब तिने धरला नाही. गेल्या कार्तिकातली तुळस यंदा नसेल. तिच्याच मंजिरीतून सांडलेल्या बियांचे रोप त्या जागी उभे असते आणि घरचे लोक तिला नवी तुळस म्हणत नाहीत, ‘आपली तुळस’च म्हणतात. वाळलेल्या खोडाचे मणी होतात आणि वारकऱ्याच्या गळ्यात माळ होऊन पडतात. देवता टिकते ती एखादे रोप अमर आहे म्हणून नाही, पुढचे रोप कोणीतरी लावते म्हणून.

या पूजेला मध्यस्थ लागत नाही, ही गोष्टही धर्माच्या विचारात हलकी नाही. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी, मंदिराच्या बाहेर आहे. त्याच्यासारख्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना आत शिरता यावे यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मंदिराला कुलूप होते, बडवे होते, परवानगी होती. अंगणातल्या तुळशीला यातले काही नव्हते. वारीच्या वाटेवर डोक्यावर वृंदावन घेऊन चालणारी बाई आपला देव आपणच उचलून नेते. असे धर्माचरण मोडून काढायचे, तर घरात शिरावे लागते, आणि हे गोव्याच्या इन्क्विझिशनला, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाला, नेमके कळले होते. १७३६ च्या तिच्या जाहीरनाम्यात बाटलेल्यांनी कोणत्या जुन्या चालीरीती पाळू नयेत याची लांबलचक जंत्री आहे, अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या ग्रंथात तिची नोंद घेतली आहे. त्या जंत्रीत घरात, अंगणात, परसात तुळस लावू नये, असलेली उपटून टाकावी, हेही कलम आहे. देवळे पाडून, मूर्ती फोडून झाल्यावर दोन शतकांनीही एका झुडपाची धास्ती वाटावी, यातच त्या झुडपाभोवतीच्या रोजच्या निगराणीचे बळ दिसते. आज त्याच गोव्यात तुळशीच्या लग्नाला ‘व्हडली दिवाळी’ म्हणतात.

शेवटचा आक्षेप असा, की निगा हीच पूजा असेल, तर तुळसच कशाला? मनी प्लांटची निगा राखा, गुलाबाची राखा. तत्त्वतः याला माझी हरकत नाही, आणि इतर धर्मांतही असे घडले आहे. तुळशीच्याच कुळातला सब्जा मुसलमानांच्या कबरींवर वाहिला जातो. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सप्टेंबरातल्या क्रुसाच्या सणाला त्याच सब्ज्याच्या, म्हणजे बेसिलच्या, डहाळ्या वाटतात. पवित्र सुगंध ही काही आपली एकट्याची मिरास नाही. पण ‘सगळ्या झाडांवर प्रेम करा’ हा उपदेश ऐकायला जितका सोपा, तितकाच आचरायला पोकळ असतो, कारण सगळ्या झाडांना पाणी कोणीच घालू शकत नाही. निगा नेहमी एकाची असते, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, कंटाळा आला तरी करायची. परंपरेने तुळस निवडली ती इतकी छोटी, की गरिबालाही परवडावी, इतकी नाजूक, की विसरता येऊ नये, आणि इतकी उदार, की मूठभर बियांतून शेजारपाजारच्या दहा घरांना रोपे पुरवावीत. निवड योगायोगाने झाली असेल. चांगली झाली हे नक्की.

तेव्हा आजच्या घरांसाठी निर्णय सरळ आहे. फ्लॅटच्या ज्या गॅलरीत दिवसाकाठी तासभरही ऊन येत नाही, तिथे दर दोन महिन्यांनी नवे रोप आणून मारण्यापेक्षा तुळस न ठेवलेली बरी. सोसायटीच्या आवारात उन्हाच्या जागी एक लावावी आणि पाळीपाळीने सांभाळावी. प्लास्टिकची तुळस घरात ठेवू नये, कारण जी सुकूच शकत नाही तिची पूजा होऊ शकत नाही. थंडीच्या देशांत राहणाऱ्यांनी हिवाळ्यात तिला घरात, खिडकीच्या उजेडात घ्यावे. बर्फ सोसणे तिच्या प्रकृतीत नाही. कुंडीला भोक असावे, दुधाऐवजी पाणी घालावे, तेही माती पाहून. मंजिरी कोवळी असताना खुडावी, आणि एका तुऱ्याचे बी मात्र पुढच्या रोपासाठी राखावे. पुण्य आणि प्राणवायू या दोन्ही हिशेबांवर तुळशीपत्र ठेवावे. आणि मुलाने पुन्हा विचारले, की तुळशीला पाणी का घालायचे, तर त्याला सांगावे, तिला तहान लागते म्हणून. धर्माच्या दृष्टीने एवढे उत्तर पुरेसे आहे.